बोर्डावरचा गुन्हा आणि पडद्यावरचा

‘सांगत्ये ऐका’ 1959 साली आला. अनंत माने यांच्या या चित्रपटात गुन्हेगार म्हणजे गावचा पाटील. तो खून करतो, मेलेल्याच्या बायकोची अब्रू घेतो आणि तरीही गावात मानानं फिरतो. तिची मुलगी चिमा तमासगिरिणीकडे वाढते आणि त्याच गावात बोर्डावर, म्हणजे तमाशाच्या मंचावर, उभी राहून पाटलाचं पाप सगळ्यांदेखत सांगते. पुण्यात विजयानंदला हा चित्रपट 131 आठवडे चालला. तमाशाची ताकद यानं बरोबर ओळखली होती. चावडीवर ज्याची वाच्यता करता येत नाही, ते वगात बोलता येतं. पुढ्यात सावकार बसलेला असला तरी सोंगाड्या बोलतोच.

तेरा वर्षांनी व्ही. शांताराम यांचा ‘पिंजरा’ आला आणि दोष बोर्डावरच्या बाईकडे सरकला. मूळ कथा ‘द ब्लू एंजल’ या जर्मन चित्रपटाची. तिथल्या कॅबरेतली गायिका इथं तमाशातली चंद्रकला झाली. तिच्या नादी लागतात गावचे गुरुजी. खून भलत्याचाच होतो, प्रेताला गुरुजींचे कपडे चढवले जातात, गुरुजी फडाबरोबर परागंदा होतात आणि शेवटी स्वतःच्याच खुनासाठी फाशीची शिक्षा ऐकतात. गुरुजींच्या भूमिकेत डॉ. श्रीराम लागू अप्रतिम, राम कदमांचं संगीतही. म्हणूनच तमाशापायी भला माणूस बुडतो, हा समज इतका खोल रुजला.

मी नारायणगावला फडाच्या राहुटीत बसून यात्रा कमिट्यांच्या सुपाऱ्या लिहून घेत आलो आहे. पंच विचारतात, वग कोणता, सोंगाड्या कोण, बाया किती. घासाघीस होते, इसार ठरतो. पडद्यावर यातलं काही नसतं. लावणीपुरती संगीतबारी आणि वगासह पूर्ण खेळ करणारा ढोलकीफड तिथं एकच होतात. गण, गौळण, बतावणी गळून पडतात आणि उरतात लावणी नि पैसे उधळणारा पाटील.

बोर्डावरची खरी बाई वेगळीच. आमच्या तमाशा कलावंत विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर खेळ चालू असताना बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडून पुन्हा बोर्डावर गेल्या, असं इथं घरोघर सांगतात. त्या 2002 मध्ये वारल्या. पुढे सरकारनं त्यांच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार सुरू केला.

आणि फडातला खरा जाच पडद्यावरच्या पाटलाचा नव्हे, उचलीचा, म्हणजे आगाऊ रकमेचा. हंगामापूर्वी मालक सावकाराकडून कर्ज काढतो, त्यातून कलावंत, वायरमन, आचारी यांना उचल देतो आणि चैत्र-वैशाखाच्या यात्रांवर ते फेडतो. 2020 च्या चैत्रात टाळेबंदी आली, यात्रा बंद झाल्या आणि कितीतरी मालकांच्या डोक्यावर ते कर्ज व्याजासकट तसंच राहिलं.