पदवी म्हणजे शिकवण्याचा परवाना

राजाबाई टॉवरशेजारी मुंबई विद्यापीठाचे दीक्षान्त सभागृह आहे. १८७४ साली पुरी झालेली ही गोथिक धाटणीची इमारत नवख्याला चर्चच वाटते. उंच कमानी, गोल खिडकीतल्या रंगीत काचांवर बारा राशी. हा भास अगदीच चुकीचा म्हणता येणार नाही. पदवीदानाचा झगा, चॅन्सेलर म्हणजे कुलपती, बी.ए., एम.ए., इतकेच काय, आजोबांच्या तोंडचा ‘मॅट्रिक’ हा शब्दही मध्ययुगीन कॅथलिक युरोपातून आला. ‘मॅट्रिक्युला’ म्हणजे विद्यापीठाची नावनोंदणीची वही.

बाराव्या शतकात पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलभोवती शिक्षक जमू लागले. त्यांची व विद्यार्थ्यांची गणना धर्मसेवकांत होई. म्हणून तो झगा. (मुंबईच्या दमट हवेत तो घालणाऱ्याने पॅरिसची थंडी आठवावी!) कॅथेड्रलचा चॅन्सेलर शिकवण्याचा परवाना देई आणि पदवी म्हणजे मुळात हाच परवाना. ‘मास्टर’ आणि ‘डॉक्टर’ या दोन्ही शब्दांचा मूळ अर्थ शिक्षक असाच आहे. पण परवान्याला लायक कोण, हे ठरवायचे कोणी? शिक्षकांनी कारागिरांसारखा आपला संघ बांधला. ‘युनिव्हर्सिटास’ हे अशा संघाचेच नाव. १२२९ मध्ये शहराच्या शिपायांनी काही विद्यार्थ्यांना ठार केले, तेव्हा या संघाने दोन वर्षे वर्ग बंद ठेवले. अखेर १२३१ साली पोप नववा ग्रेगरी याने सनद देऊन वर्ग बंद ठेवण्याचा त्यांचा हक्क मान्य केला. लालबाग-परळच्या वाचकाला संपाची ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

त्यांची शिकवण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. आधी प्रश्न, मग विरुद्ध बाजूचे आक्षेप, त्यानंतर स्वतःचे उत्तर आणि एकेका आक्षेपाचे निरसन. आपल्या पूर्वपक्ष-उत्तरपक्षाची इथे आठवण होते. थॉमस अक्वायनसचा मुख्य ग्रंथ याच साच्यातला. सारे मोकळे होते असे मात्र नाही. ॲरिस्टॉटलचे निसर्गविषयक ग्रंथ शिकवायला पॅरिसात १२१० साली बंदी झाली. १२५५ मध्ये तेच अभ्यासक्रमात लागले. आणि १२७७ मध्ये तिथल्या बिशपने २१९ विधाने निषिद्ध ठरवली. वाद घालण्याची सवय तेवढी टिकली, आणि पुढच्या युरोपीय विज्ञानाला ती फार उपयोगी पडली.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. परीक्षा घ्यायची, पदवी द्यायची, शिकवायचे कॉलेजांनी. रानडे, भांडारकर हे १८६२ चे पहिले पदवीधर याच व्यवस्थेतले. झगा आला, गव्हर्नर कुलपती झाला. शिक्षकांचा संघ मात्र वाटेतच राहिला. विद्यापीठाने स्वतः शिकवायला विसाव्या शतकात सुरुवात केली. समाजशास्त्राचा विभाग १९१९ चा. पॅरिसच्या वादसभेची खूण आज पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेत दिसते. तिथवर पोचेपर्यंत विद्यार्थ्याने वर्गात किती आक्षेप घेतलेले असतात, हे आपण शिक्षकच जाणतो.