मोहाचे फूल आणि अबकारीचा कायदा

आपल्या ज्ञातीची जी कुटुंबे कर्जत व खालापूर या दोन तालुक्यांत पिढ्यान्‌पिढ्या नांदली, त्यांना मोहाच्या झाडाची ओळख करून देण्याचे कारण नाही. शेताच्या बांधावर, वरकस जमिनीत किंवा डोंगराच्या पायथ्याशी हा वृक्ष त्यांनी पाहिलेला आहे. परंतु नोकरीधंद्यानिमित्त मुंबई-पुण्यास स्थायिक झालेल्या नव्या पिढीला त्याची माहिती असेलच असे नाही. आणि ज्यांना झाड माहीत आहे, त्यांनाही त्याच्या फुलाचा इतिहास ठाऊक असतोच असे नाही. एका फुलासाठी स्वतंत्र कायदा व्हावा आणि तो आपल्याच जिल्ह्याला लागू व्हावा, ही गोष्ट स्मरणात ठेवण्याजोगी आहे. म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी हा विषय आम्ही निवडला.

फाल्गुन-चैत्रात मोहाची पाने गळतात आणि फांद्यांच्या टोकांशी फुलांचे घोस येतात. पहाटे फुलांच्या मांसल, फिकट पिवळसर पाकळ्या आपोआप खाली पडतात. झाडाखालची जागा आधीच झाडून ठेवलेली असते; बायकामुले उजाडण्यापूर्वी टोपल्या घेऊन येतात आणि वेचणी करतात. वाळल्यावर हे फूल मनुकेसारखे तांबूस व सुरकुतलेले दिसते आणि त्याच्या वजनाचा निम्म्याच्या आसपासचा भाग साखरेचा असतो. ते भाजून खातात, धान्याच्या पिठात मिसळतात, गुरांनाही घालतात. बियांपासून तेल निघते. पावसाळ्याच्या तोंडाशी घरातले धान्य संपले म्हणजे कातकरी व ठाकूर कुटुंबांना या साठ्याचा मोठा आधार असे. मोहाचे फूल आधी अन्न आहे आणि मग मद्याचे साधन आहे, हा क्रम वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण पुढील साऱ्या वादाचे मर्म त्यातच आहे.

फुलांपासून मद्य करण्याची कला आपल्या देशात फार जुनी आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात आसवांचे चौऱ्याऐंशी प्रकार मोजले आहेत. त्यांपैकी दहा फुलांचे आहेत आणि त्या दहांत कमळाच्या विविध जातींबरोबर मधूक म्हणजे मोह व धातकी म्हणजे धायटी यांची नावे येतात. खालापूरच्या डोंगरउतारावर तांबड्या फुलांनी बहरणारे झुडूप ते हेच. वैद्यांची आसवे व अरिष्टे आंबवण्यासाठी आजही धायटीची फुले वापरतात. कौटिल्याने तर सुरेसाठी स्वतंत्र अध्यक्ष नेमण्याची व्यवस्था सांगितली आहे. राजाच्या उत्पन्नाबाबत इतका काटेकोर असलेला हा ग्रंथकारही कुटुंबवत्सल गृहस्थांना घरच्या कार्यासाठी पांढरी सुरा व औषधासाठी अरिष्ट करण्याची मोकळीक देतो. राज्याचा कर आणि घराची चूल यांच्यामध्ये त्याने एक मर्यादा राखली होती.

अशी मर्यादा दूरच्या देशांतही आढळते. इंग्लंडच्या खेड्यांत वसंत ऋतूत डँडेलायन नावाचे पिवळे रानफूल कुरणांवर पसरते. तेथील गृहिणी ही फुले वेचतात, उकळत्या पाण्यात भिजवतात, त्यात साखर, लिंबू वा संत्र्याची साल व किण्व घालून आंबवतात आणि गाळलेला रस बाटल्यांत भरून महिनोन्‌महिने मुरू देतात. काऊस्लिपची फुले व एल्डरची फळे यांचीही अशीच वाइन होते. डँडेलायनमध्ये साखर थोडी. ती बाहेरून घालावी लागते, फूल देते ते रंग आणि स्वाद. आपल्या मोहात मात्र स्वादाबरोबर साखरही असते. विक्रीसाठी नसलेल्या, घरच्या वापराच्या अशा वाइनवर इंग्लंडच्या अबकारी खात्याने कर बसवला नाही. घरी भट्टी लावून अर्क गाळण्यास मात्र तेथेही बंदी होती, हे न्यायाने सांगितले पाहिजे. तथापि, भट्टीला बंदी म्हणून फूल वेचण्यासही बंदी, असा विचार तेथे कोणी केला नाही. तो प्रयोग झाला आपल्याकडे.

१८७८ पूर्वी आपल्या डोंगरपट्ट्यात घरोघरच्या गरजेपुरती मोहाची दारू गाळली जाई. फुले पाण्यात भिजवून मडक्यात काही दिवस आंबवत, मग ते आंबवण चुलीवर चढवून नळीवाटे वाफ थंड करीत. लग्न, मर्तिक, देवाचे कार्य अशा प्रसंगी पहिले थेंब देवाला व पूर्वजांना अर्पण करण्याची रीत होती. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने हे चित्र पालटले. घरगुती गाळपास मनाई झाली, दारू गाळण्याचे व विकण्याचे हक्क मक्तेदारांकडे गेले आणि ताडी-माडीच्या झाडांवर कराचा बोजा वाढला. या धोरणामागे सर चार्ल्स प्रिचर्ड हे अधिकारी प्रमुख होते. मोठ्या प्रमाणावरील गाळप उरणसारख्या ठिकाणी एकवटले. तेथील भट्ट्या प्रामुख्याने पारशी व्यावसायिकांच्या होत्या आणि त्यांना लागणारा मोह गुजरातेकडून येई. स्वतःच्या दारातील झाडाचे फूल वापरणारा माणूस गुन्हेगार ठरला आणि परगावच्या फुलाची दारू त्याने दुकानातून रोख पैशाने घ्यावी, अशी व्यवस्था झाली.

दुकाने वाढली, सरकारचा महसूलही वाढला. १८८० साली पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुले यांनी शहरातील दारूच्या दुकानांच्या वाढीविरुद्ध लेखी तक्रार केली, ती याच काळात. मद्यपानाचे समर्थन करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. व्यसनाने उद्ध्वस्त झालेली घरे कोणत्या ज्ञातीत नाहीत? परंतु घरातील प्रसंगाची दारू बंद करून दुकानातील रोजची दारू सुलभ करणे याला दारूबंदी म्हणता येत नाही.

चोरून गाळप तरीही थांबेना. रानात सर्वत्र झाडे, आणि प्रत्येक झाडाखाली कच्चा माल. तेव्हा सरकारने भट्टीचा नाद सोडून फुलावरच हात टाकला. १८९२ साली मुंबई मोहरा कायदा झाला आणि ठाणे व कुलाबा या जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावर व विकण्यावर निर्बंध आले. कर्जत तालुका व त्याचा खालापूर पेटा पूर्वी ठाणे जिल्ह्यात होता. १८९१ च्या सुमारास तो कुलाब्याकडे आला. कायद्यात दोन्ही जिल्ह्यांची नावे असल्याने कोणत्याही बाजूने आपल्या मुलखाची सुटका नव्हती. दारूची चोरी पकडण्यासाठी गरिबाच्या शिंकाळ्यातील अन्न संशयास्पद ठरले, हा या कायद्याचा खरा अर्थ होय.

स्वातंत्र्यानंतर राज्यकर्ते बदलले, हेतूही बदलला. महसुलाच्या जागी नीती आली. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला, परंतु मोहाचे फूल त्याच्याही कक्षेत राहिले. चोरट्या हातभट्टीने काळा गूळ व नवसागर जवळ केला आणि त्या धंद्यात पुढे याहूनही घातक द्रव्ये शिरली. २०१५ साली मुंबईत मालवणी येथे विषारी दारूने शंभरावर माणसे दगावली. त्या दारूत मिथेनॉल होते. फुलावर पहारा ठेवल्याने विष थांबले नाही.

दरम्यान काळ पालटला. २००१ साली महाराष्ट्र शासनाने द्राक्षांपासून वाइन करणाऱ्या उद्योगास उत्तेजन देणारे धोरण जाहीर केले. २००९ साली गोव्याच्या काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले. द्राक्षबागाइतदाराचे मद्य उद्योग ठरले, शेजारच्या राज्यातील भट्टीचे मद्य वारसा ठरले. मोहाला मात्र २०२१ पर्यंत थांबावे लागले. त्या वर्षी शासनाने ही फुले गोळा करण्यावरील व साठवण्यावरील निर्बंध शिथिल केले. १८९२ पासून मोजल्यास या गोष्टीस एकशे एकोणतीस वर्षे लागली.

ही मोकळीक फुलापुरती आहे. परवान्यावाचून घरी मद्य गाळणे आजही गुन्हा आहे, आणि हा लेख वाचून कोणी तो उद्योग आरंभावा अशी आमची इच्छा नाही. आमची विनंती वेगळी आहे. फुलाला मोकळीक मिळाली तेव्हा झाडे मात्र विरळ होऊ लागली आहेत. द्रुतगती महामार्ग खालापुरातून गेला, त्यामागोमाग जमिनींचे भाव चढले, शेतांची फार्महाऊसे झाली आणि कित्येक बांध सपाट झाले. मोहाला वाढून फुलावर येण्यास अनेक वर्षे लागतात. तोडण्यास एक सकाळ पुरते.

आपल्यापैकी ज्यांच्या वडिलोपार्जित जमिनी या तालुक्यांत आहेत, त्यांच्या सातबाऱ्यावर कदाचित या झाडांची नोंद नसेल, पण बांधावर ती उभी असतील. त्यांची वेचणी पिढ्यान्‌पिढ्या शेजारच्या वाडीतील कातकरी व ठाकूर बायकांनी केली आहे. कागदावर मालकी आपली असली तरी त्या फुलावर त्यांचाही हक्क आहे, आणि तो हक्क एका अन्यायी कायद्याने हिरावला होता. जमीन विकताना, कुंपण घालताना अथवा घर बांधताना एवढा विचार ज्ञातिबंधूंनी अवश्य करावा. झाड राखावे, आणि चैत्रातल्या पहाटे कुंपणाचे फाटक उघडे ठेवावे.