टाच खाली सोडण्याची कुळकथा

येडशीजवळचा रामलिंगचा घाट म्हणजे भरतीच्या पोरांना फुकटात मिळालेलं मैदान. बालाघाटच्या चढावर छाती भरून येते, पोटऱ्या पेटतात, आणि आपण खूप कमावतोय असं वाटतं. पोलीस भरतीच्या शारीरिक चाचणीत ५० गुण असतात, त्यांतले २० एकट्या १६०० मीटरला. त्यामुळे बाकी काही जमो न जमो, पळणं कुणी सोडत नाही.

मग कधीतरी टाचेमागची जाड शीर धरते. सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिली दहा पावलं लंगडत पडतात. अंग तापलं की दुखणं गायब होतं आणि पळून घरी आलं की दामदुपटीनं वसूल करतं. यावर गावात ठरलेले उपाय आहेत: तेल, शेक, पट्टी, कुणाच्या तरी ओळखीनं इंजेक्शन, आणि शेवटी ‘महिनाभर पळू नको’. पोरगा महिनाभर थांबतो, बरा होतो, पहिल्याच आठवड्यात पुन्हा लंगडतो. फिजिओथेरपिस्टकडे गेलाच, तर तो मात्र विचित्र काहीतरी सांगतो. पायरीच्या कडेवर चवड्यानं उभा राहा, दुखऱ्या पायावर भार घे आणि टाच सावकाश पायरीच्या खाली जाऊ दे. दुखलं तरी कर.

हा व्यायाम जगभर पोचला तो स्वीडनमधल्या उमेओ शहरातून, आणि जन्मला तो एका डॉक्टरच्या हट्टातून. हकान आल्फ्रेडसन हा हाडांचा शल्यविशारद स्वतः धावणारा. १९९०च्या दशकाच्या मध्यात त्याचीच टाचेमागची ही शीर, म्हणजे अकिलिस कंडरा, दुखायला लागली. ऑपरेशन करा, असं त्यानं वरिष्ठांना सांगितलं. त्यांनी नकार दिला. तेव्हा गड्यानं सरळ हिशेब मांडला: कंडरा तुटलीच, तर यांना ऑपरेशन करावंच लागेल. म्हणून तो ती मुद्दाम बिघडवायला निघाला. टाच खाली सोडत राहिला, दुखेल तितकं जास्त. काही आठवड्यांनी कंडरा तुटली तर नाहीच, उलट दुखणं गेलं.

१९९८ साली त्याचा आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध ‘अमेरिकन जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’मध्ये आला. दीर्घकाळ दुखणं असलेले १५ हौशी खेळाडू, १२ आठवडे व्यायाम. गुडघा सरळ ठेवून १५ वेळा, असे तीन फेरे. तेच गुडघा वाकवून. हे सगळं दिवसातून दोनदा, म्हणजे रोज १८०. दुखणं कमी झालं की पाठीवरच्या पिशवीत वजन वाढवायचं. पंधराच्या पंधरा जण पूर्वीसारखे धावू लागले. पंधरा माणसांवरून जग जिंकता येत नाही हे खरं, आणि पुढच्या अभ्यासांत यश इतकं शंभर नंबरी निघालं नाही. पण पद्धत टिकली.

खरं तर आल्फ्रेडसन पहिला नव्हे. कॅनडातल्या सँड्रा कर्विन आणि विल्यम स्टॅनिश यांनी १९८०च्या दशकातच अशा उतरत्या भाराचा व्यायाम मांडला होता. आल्फ्रेडसननं त्यात दुखणं सहन करण्याची मुभा आणि भरपूर आकडा घातला. त्याच्याच गटानं २००१ साली ४४ रुग्णांचे दोन भाग केले. टाच वर उचलणाऱ्यांपैकी ३६ टक्के समाधानी होते, खाली सोडणाऱ्यांपैकी ८२ टक्के. आपल्या तालमीतली बैठकही चवड्यांवरच होते, पण तिथे टाच जमिनीच्या खाली कधी जात नाही. पायरीची कडा लागते ती त्यासाठी.

आता ही शीर एवढी बिचारी का, ते पाहू. पोटरीचे दोन मोठे स्नायू एकत्र येऊन टाचेच्या हाडाला जिथे बांधले जातात, ती ही कंडरा. धावताना प्रत्येक पावलाला ती स्प्रिंगसारखी ताणते आणि सुटते. लीड्सच्या मॅक्नील अलेक्झांडर यांच्या गटानं १९८७ साली हिशेब काढला तो असा: मध्यम वेगानं धावणाऱ्या ७० किलोच्या माणसाच्या एका पावलात साधारण १०० जूल ऊर्जेची उलाढाल होते. त्यातली ३५ जूल ही कंडरा साठवून परत देते आणि १७ जूल तळपायाची कमान. आपण स्वस्तात पळतो ते या दोघींमुळे. पण टाचेच्या हाडापासून २ ते ६ सेंटिमीटर वर तिला रक्तपुरवठा तुटपुंजा असतो, आणि बहुतेकांचं दुखणं नेमकं तिथेच बसतं.

डेन्मार्कच्या संशोधकांनी २०१३ साली याहून चकित करणारी गोष्ट दाखवली. अणुचाचण्यांमुळे १९५५ ते १९६३ या काळात हवेत किरणोत्सारी कार्बन खूप वाढला होता. तो माणसांच्या कंडरांत किती सापडतो ते त्यांनी मोजलं. कंडरेचा गाभा वयाच्या पहिल्या सतरा वर्षांत घडतो, नंतर जवळजवळ बदलत नाही, असं निघालं. भरतीचं वय सुरू होतं अठराव्या वर्षी! सराव करून कंडरा नंतरही कणखर होते, पण तिला स्नायूपेक्षा वेळ लागतो. दोन महिन्यांत पोटरी फुगते, दम वाढतो, वेग वाढतो, आणि कंडरा मागे राहते.

घाट इथेच नडतो. चढावर पाऊल पडलं की चवडा वर आणि टाच खाली जाते, म्हणजे पायरीवरच्या व्यायामात कंडरा जशी ताणते तशीच ती ताणते. फरक एवढाच की पायरीवर ते सावकाश, मोजून आणि दोन वेळांच्या मध्ये उसंत देऊन होतं, तर घाटात झटक्यानं आणि हजारो वेळा. एरवी टाचेवर उतरणारा पोरगा चढावर चवड्यावर येतो, त्यानंही भार वाढतो. म्हणून दुखणाऱ्यानं पळणं साफ बंद करण्यापेक्षा आधी चढ आणि वेगाचे फेरे सोडावेत, सपाटीवरचं थोडं राखावं. २००७ सालच्या एका स्वीडिश प्रयोगात दहापैकी पाचपर्यंत दुखत असताना लोकांना धावू दिलं होतं. व्यायाम चालू ठेवला, तर त्यांचं काही बिघडलं नाही.

दोन अपवाद मात्र पक्के लक्षात ठेवायचे. दुखणं अगदी तळाशी, हाडाला लागून असेल, तर टाच पायरीखाली सोडू नये, जमिनीपर्यंतच आणावी. आणि मागून कुणी लाथ मारल्यासारखा झटका बसून ‘टक्’ आवाज आला असेल, तर पालथं झोपून पोटरी कुणाला तरी दाबायला सांगावी. पाऊल हललं नाही, तर शीर तुटली आहे. तिथे व्यायाम नाही, थेट दवाखाना.

रोज १८० हा आकडा ऐकून बरीच पोरं तिसऱ्या आठवड्यात कंटाळतात, त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. २०१५ साली डेन्मार्कमध्ये आठवड्यातून तीनदाच, पण जड वजन घेऊन सावकाश व्यायाम देऊन पाहिला. गुण तितकाच आला आणि लोक टिकलेही जास्त. घरी त्यासाठी मशीन नको. दप्तरात पाच-दहा किलो ज्वारी भरावी, भिंतीला हात टेकावा आणि उंबऱ्यावर उभं राहावं. फक्त सुरुवात भरतीची जाहिरात निघायच्या आधी करावी, कारण जाहिरात निघाल्यावर ग्राउंडपर्यंत बारा आठवडे हातात असतीलच असं नाही.