विधिमंडळातील बाबासाहेब : महसूल, आरोग्य आणि लोकसेवा

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र महाड, नाशिक, पुणे आणि नागपूर या टप्प्यांनी सांगण्याचा प्रघात आहे. मुंबई विधिमंडळातील त्यांची भाषणे शासनाने ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली, तरी ती वाचणारे थोडेच.

१९२७ साली ते नियुक्त सभासद म्हणून मुंबई कायदे कौन्सिलात आले. पहिल्याच अर्थसंकल्पीय भाषणात त्यांनी शेतसाऱ्यातील अन्यायावर बोट ठेवले. ठराविक मर्यादेखालील उत्पन्नास प्राप्तिकर माफ. शेतसारा मात्र तुकडाभर जमिनीच्या धन्यालाही चुकत नसे. त्याच वर्षी मार्चमध्ये, शिक्षणाच्या खर्चावर बोलताना त्यांनी सरकारपुढे सरकारचाच हिशेब मांडला : दरडोई शिक्षणावर १४ आणे खर्च, आणि अबकारीची दरडोई वसुली २ रुपयांहून अधिक! जेवढे अबकारीतून घेता तेवढे तरी शिक्षणावर खर्च करा, एवढीच त्यांची मागणी होती.

जुलै १९२८ मध्ये प्रसूतिलाभ विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला. कामकरी स्त्रीला प्रसूतीच्या आधी व नंतर विश्रांती मिळणे हे राष्ट्रहिताचे असल्याने खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलावा, हे त्यांनी मान्य केले. परंतु स्त्रियांना कामावर ठेवण्यात मालकाचा फायदा असतो, तेव्हा त्यालाही पूर्ण सुटका नाही, असे बजावले. येथे दयेचा सूर नाही. अर्थशास्त्रज्ञाचा युक्तिवाद आहे. कायदा १९२९ साली झाला. नोव्हेंबर १९३८ मधील संततिनियमनाचा ठराव मात्र नामंजूर झाला. बाबासाहेबांच्या वतीने पी. जे. रोहम यांनी तो मांडला होता. राष्ट्रीय कुटुंबनियोजन कार्यक्रम सुरू व्हायला १९५२ साल उजाडले.

ऑगस्ट १९३७ मधील त्यांची भूमिका अनेकांना अडचणीची वाटते. काँग्रेस मंत्रिमंडळाने मंत्र्यांचे वेतन दरमहा ५०० रुपये ठरविले. त्यागाच्या त्या वातावरणात बाबासाहेबांनी विधेयकाला विरोध केला. कार्यक्षमता आणि कारभाराची शुद्धता या कसोट्यांवर वेतन ठरावे, असे त्यांचे म्हणणे. तुटपुंज्या वेतनावर ज्याचे घर चालते त्यालाच मंत्रिपद परवडणार, हा त्यातला मुद्दा आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. हा उच्चपदस्थांचा कैवार होता काय? काही आठवड्यांतच, १७ सप्टेंबरला, त्यांनी कोकणातील कुळांसाठी खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. ते संमत झाले नाही. खोती संपली ती १९४९ च्या कायद्याने.