गाडी कुणाला खबर देते?

मंडळी, सुरुवात ७ जून १९४३ पासून करू. त्या दिवशी शेणोलीजवळ प्रतिसरकारच्या तुफान सेनेने पगाराची रक्कम नेणारी रेल्वेगाडी अडवली आणि पैसे चळवळीसाठी नेले. सांगली जिल्हा तेव्हा नव्हताच बरं का. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा निघाला, १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. याच टापूत क्रांतिसिंह नाना पाटील १९४६ पर्यंत भूमिगत राहिले आणि इंग्रजांच्या हाती लागले नाहीत. कोण कुणाच्या घरी जेवलं, रात्री कुठल्या वाटेने गेलं, हे गावाला माहीत असायचं. पण माणसाला गप्प बसता येतं. फितुरीही व्हायची, नाही असं नाही. तरी सांगायचं की नाही, हे ठरवणारं कुणीतरी होतं.

आजच्या गाडीत हे ठरवतं कोण? नव्या 'कनेक्टेड' गाडीत सिमकार्ड असतं. गाडी कुठे गेली, किती वेगाने गेली, ब्रेक कधी जोरात दाबला, याच्या नोंदी कंपनीकडे जाऊ शकतात. फोन जोडला की नातेवाइकांचे नंबरही गाडीत उतरतात. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी २०२५ मध्ये जनरल मोटर्सवर आरोप ठेवला, की चालकांची अशी माहिती नीट संमती न घेता गोळा केली आणि विकली. ती पुढे विमा कंपन्यांपर्यंत पोचली.

मग जुनी जीप बरी वाटते, यात नवल नाही. कडेगाव तालुक्यातल्या देवराष्ट्रे गावात एका कारागिराने भंगारातले सुटे भाग जोडून छोटी जीप बनवली. ती किक मारून सुरू व्हायची. २०२१ मध्ये तिचं देशभर कौतुक झालं. आम्हाला त्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की आपली गाडी काय करते आणि काय करत नाही, हे त्या मालकाला पुरतं ठाऊक होतं.

पण जुन्या गाडीने प्रश्न सुटतो का? तासवडे किंवा आनेवाडीच्या नाक्यावर तिलाही फास्टॅग लागतो. फेब्रुवारी २०२१ पासून तो सक्तीचाच आहे, आणि त्यात वेळेसकट नोंद होते. म्हणजे जीप गप्प राहिली तरी रस्ता बोलतो.

म्हणून भिस्त कायद्यावर. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. मात्र सरकारी यंत्रणांना सूट देण्याची सोय त्याच कायद्यात आहे. १९४३ आठवलं, की ही सोय आम्हाला खटकते.

तोवर आपल्या हातात आहे तेवढं करू. गाडी विकताना तिच्यातले नंबर, पत्ते पुसा. नवी घेताना मायलेज विचारता, तसंच हेही विचारा: ही गाडी कुणाला काय सांगते, आणि तिला गप्प कसं करायचं?