खिशात मावणारे पिस्तूल

श्रोतेहो, आज हत्याराविषयी बोलायचे आहे, पण रणांगणावरच्या नव्हे. तलवार, भाला, तोफ यांच्या हकीकती आपण पुष्कळ ऐकल्या आहेत. आजचा विषय आहे तो दुसऱ्याला दिसू नये अशा बेताने अंगावर बाळगायच्या हत्याराचा. आपल्याकडे असे हत्यार म्हटले की गुप्ती, बिचवा, नाहीतर वाघनखे आठवतात. बंदूक आठवत नाही, आणि ते बरोबरच आहे. कारण बंदूक ही मुळात लपवायची वस्तूच नव्हे. ती कोटाच्या खिशात कशी जाऊन बसली, आणि तिथे बसण्यासाठी तिला काय काय सोडावे लागले, हे सांगायचा आज विचार आहे.

गुरुजी मंडळींनी वर्गातली बारा इंची फूटपट्टी तेवढी हाताशी ठेवावी. तिचा उपयोग होणार आहे.

जुनी तोड्याची बंदूक कशी होती बघा. नळीत दारू ठासायची, वर गोळी, बाहेर कानाशी चिमूटभर बारीक दारू, आणि हातात सतत जळती जामगी. जामगी विझली की बंदूक म्हणजे नुसती काठी. आता अशी जळती वात घेऊन कोण अंगरख्याखाली हत्यार लपवील? धूर दिसेल, वास येईल, आणि दुसऱ्याला लागायच्या आधी स्वतःचेच कपडे पेटतील. म्हणून जोवर जामगी होती, तोवर बंदूक उघडपणेच वागवावी लागे.

सोळाव्या शतकाच्या आरंभी युरोपात चाकाची कळ निघाली. किल्लीने पोलादी चाक आवळून ठेवायचे. चाप ओढला की चाक गर्रकन फिरते, गारेसारख्या दगडावर घासते आणि ठिणगी पडते. जामगीची गरज संपली. बंदूक भरून, तयार करून, झग्याखाली तासन् तास ठेवता येऊ लागली. राज्यकर्त्यांना त्यातला धोका लगेच कळला, ही गोष्ट मला मोठी बोलकी वाटते. जर्मन सम्राट माक्सिमिलियन याने १५१७-१८ च्या सुमारासच अशा बंदुकांना बंदी केली. इंग्लंडात आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीत १५४१ चा कायदा झाला. त्यात साधी हातबंदूक दस्त्यासकट एक यार्डाहून आखूड असू नये, असे ठरले. एक यार्ड म्हणजे तीन फूट. गुरुजी, तुमच्या तीन पट्ट्या एकापुढे एक ठेवा. तेवढी लांब वस्तू झग्याखाली दडत नाही. कायद्याचा हेतू स्पष्टच होता.

पण कायदा एकीकडे आणि कारागीर दुसरीकडे. १० जुलै १५८४ रोजी हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावी, स्पेनच्या राजाविरुद्ध उठलेल्या डच लोकांचा पुढारी ऑरेंजचा विल्यम जेवण आटोपून बाहेर पडत होता. बाल्तासार जेरार नावाच्या माणसाने झग्याखालून पिस्तूल काढून त्याला ठार केले. विल्यमनेच दया येऊन त्याला काही पैसे दिले होते, आणि त्या पैशांतूनच त्याने हत्यार विकत घेतले, असे सांगतात. त्या वाड्याच्या भिंतीवर गोळ्यांच्या खुणा जपून ठेवलेल्या आहेत. पिस्तुलाने मारला गेलेला पहिला राष्ट्रप्रमुख म्हणून इतिहासकार विल्यमचे नाव घेतात.

पुढची दोनशे वर्षे गारेच्या चापाची पिस्तुले चालली. वाटमारीच्या भीतीने गाडीतून जाणारे प्रवासी अशी छोटी पिस्तुले खिशात ठेवीत, आणि बहुधा जोडी ठेवीत. का, तर एका पिस्तुलात गोळी एकच. शिवाय दारू दमट झाली, गार झिजली की तो बारही फुकट. जोडी घेणे ही हौस नव्हती, अविश्वास होता!

ह्या अविश्वासावर उपाय सापडला तो एका स्कॉटिश धर्मोपदेशकाला. रेव्हरंड अलेक्झांडर फोर्साइथ याला पक्ष्यांच्या शिकारीचा नाद. गारेची ठिणगी आधी भडकते, मग बार उडतो. तेवढ्यात पाखरू सावध होऊन भुर्रकन जाते. त्याने टोला बसताच पेटणारे रसायन वापरून बघितले आणि १८०७ साली त्याचे पेटंट घेतले. पुढे त्यातून तांब्याची इवलीशी टोपी निघाली. आपल्याकडे केपाची बंदूक म्हणतात ती हीच. पाखरे मारण्याच्या सोयीतून माणसाच्या खिशातले हत्यार भरवशाचे झाले, हा योगायोग विलक्षण खरा.

आता अमेरिकेत जाऊ. फिलाडेल्फिया शहरात हेन्री डेरिंजर नावाचा बंदूक करणारा होता. तो छोटी, जाड तोंडाची, एकबारी पिस्तुले करी. ती जोडीने विकली जात. कॅलिफोर्नियात सोने सापडले, लोक गोळा झाले, आणि अशा पिस्तुलांना भाव आला. त्याच वेळी कोल्ट कंपनीचे १८४९ चे खिशातले रिव्हॉल्व्हरही बाजारात आले. त्यात पाच गोळ्या बसत, आणि ते तीन लाखांहून अधिक खपले. म्हणजे घेणाऱ्यापुढे सवाल उभा राहिला. पाच गोळ्यांचे, पण जड आणि फुगीर हत्यार घ्यावे, की एकच गोळी असलेले, पण जाकिटाच्या खिशात नाहीसे होणारे? दुकानात उभ्या असलेल्या माणसाला दोन्ही एकदम मिळत नव्हते.

१४ एप्रिल १८६५ च्या रात्री वॉशिंग्टनच्या फोर्ड नाट्यगृहात जॉन विल्क्स बूथ ह्या नटाने राष्ट्राध्यक्ष लिंकन यांच्यावर मागून गोळी झाडली, ती डेरिंजरच्या पिस्तुलाने. त्याची निवड नीट पाहा. त्याने सर्वांत लहान ते घेतले. त्यात गोळी एकच होती, म्हणून दुसऱ्या हातासाठी त्याने मोठा सुरा बरोबर ठेवला होता. गोळी उडताच पिस्तूल निकामी झाले. ते त्याने टाकून दिले आणि अडवायला आलेल्या मेजर रॅथबोन यांच्यावर सुऱ्याचा वार केला. लिंकन दुसऱ्या दिवशी सकाळी वारले. ते पिस्तूल पुढे त्याच नाट्यगृहाच्या संग्रहालयात ठेवले गेले. त्याची लांबी सहा इंचांना किंचित कमी भरते. गुरुजी, पट्टीच्या सहाच्या खुणेवर बोट ठेवा. अर्धी पट्टी!

त्या बिचाऱ्या डेरिंजरचे मात्र नाव गेले. त्याच्या मालाची इतकी नक्कल झाली, की त्याला कोर्टात जावे लागले. नावाचे स्पेलिंगसुद्धा चुकीचे रुळले, एका 'आर'चे दोन झाले, आणि कुठल्याही छोट्या पिस्तुलाला लोक तेच नाव देऊ लागले.

दारू, गोळी आणि टोपी एकाच पितळी काडतुसात आली, तेव्हा भरण्याची कटकट संपली आणि माल स्वस्त झाला. १९०१ च्या सप्टेंबरात बफेलो शहरात लिऑन चॉल्गॉश याने साडेचार डॉलर देऊन बत्तीस बोअरचे रिव्हॉल्व्हर घेतले. ६ तारखेला राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ले लोकांशी हस्तांदोलन करीत असता हा रांगेत उभा राहिला. हाताला जखम झाल्यासारखा रुमाल गुंडाळलेला, आणि रुमालात रिव्हॉल्व्हर. मॅकिन्ले १४ तारखेला वारले. रुमालाखाली मावते, एवढाच गुण त्या हत्यारात पुरेसा होता.

तरी रिव्हॉल्व्हरची एक अडचण उरलीच. त्याचे गोळ्यांचे फिरते नळकांडे मध्येच फुगते. कोटाच्या खिशाबाहेर त्याचा उंचवटा दिसतो. मागचा घोडा कापडात अडकतो. शिवाय खिशात ठेवणाऱ्याची स्वतःची मांडी त्याच्या तोंडाशी असते, हेही विसरू नका. जुन्या रिव्हॉल्व्हरांत शहाणी माणसे घोड्याखालचे एक घर रिकामे ठेवीत, ते ह्याच भीतीने. म्हणजे सहा घरे असली तरी गोळ्या पाच.

हा उंचवटा घालवला तो जॉन ब्राउनिंगने. अमेरिकेतल्या युटा प्रांतातला हा बंदूककाराचा मुलगा, पण त्याची खिशातली पिस्तुले आधी बेल्जममधल्या एर्स्ताल गावच्या कारखान्यात तयार झाली. १८८४ साली फ्रान्समध्ये बिनधुराची दारू निघाली होती. जुन्या काळ्या दारूने यंत्रात काजळी साचे आणि ते अडकून बसे. नव्या दारूने ती पीडा गेली. ब्राउनिंगने गोळीच्या धक्क्यालाच कामाला लावले. धक्क्याने वरचा भाग मागे सरकतो, रिकामे काडतूस फेकतो, नवे आत ढकलतो. गोळ्या ठेवल्या मुठीच्या आत, एकावर एक. पिस्तूल चपटे झाले. त्याचे १९०० सालचे पिस्तूल सात गोळ्यांचे होते. १९०६ साली त्याहून लहान निघाले. त्याची लांबी साडेचार इंच आणि वजन साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास. पण इथेही सौदा होताच. त्याची गोळी अगदी हलकी, सव्वातीन ग्रॅमची, आणि नळी इतकी आखूड की दहा पावलांवरचा नेम धरणे कठीण.

ही चपटी पिस्तुले जगभर गेली. १९०४ साली हेलसिंकीत रशियन गव्हर्नर-जनरल बोब्रिकोव्ह, २६ ऑक्टोबर १९०९ रोजी हार्बिन स्टेशनावर जपानचे इतो हिरोबुमी, हे दोघेही ब्राउनिंगच्या पिस्तुलाने पडले. आणि त्यानंतर दोन महिन्यांच्या आत तेच नाव आपल्या नाशकात ऐकू आले.

१९०९ च्या आरंभी लंडनहून चतुर्भुज अमीन हा इंडिया हाउसमधला स्वयंपाकी मुंबईस आला. त्याच्या पेटीला दुहेरी तळ होता आणि त्यात वीस ब्राउनिंग पिस्तुले होती. ती विनायक दामोदर सावरकर यांनी पाठवलेली होती. मोठ्या बंदुका असत्या तर असा तळ उपयोगी पडला नसता. माल चपटा, म्हणूनच तो बंदरातून सुटला. त्या जूनमध्ये सावरकरांचे वडील बंधू बाबाराव यांना जन्मठेप झाली. २१ डिसेंबरच्या रात्री नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात देवलांच्या 'शारदा' नाटकाचा प्रयोग होता, आणि बदलून चाललेले कलेक्टर जॅक्सन यांचा तो निरोपाचा प्रसंग होता. अनंत कान्हेरे ह्या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. जॅक्सन हे संस्कृतचे जाणते, लोक त्यांना पंडित जॅक्सन म्हणत. हेही सांगितले पाहिजे. कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. सावरकरांना झालेल्या दोन जन्मठेपांतली दुसरी ह्याच प्रकरणातली होती.

पुढे १९१४ च्या २८ जूनला सारायेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजावर झाडलेले पिस्तूलही ब्राउनिंगचेच, १९१० च्या नमुन्याचे. आणि ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत महात्मा गांधींवर रोखले गेले ते इटलीचे बेरेटा. कारखाने निराळे, देश निराळे. पण दोन्हींत काडतूस तेच, ब्राउनिंगने योजलेले नऊ मिलिमीटरचे आखूड काडतूस. आणि लांबी? दोन्हींची सहा इंच. पुन्हा तीच अर्धी पट्टी.

हे वारंवार का घडावे, याचा मी विचार केला तेव्हा उत्तर साधेच निघाले. माणसाचा पंजा आणि कपड्याचा खिसा दोनशे वर्षांत फारसा बदललेला नाही. त्याहून मोठे हत्यार लपत नाही, त्याहून फार लहान झाले तर बोटांत धरवत नाही. बदलले ते आतले. बूथच्या सहा इंचांत एक गोळी होती. २०१८ साली सिग कंपनीने दररोज अंगावर बाळगण्यासाठी म्हणून जे पिस्तूल काढले, तेही सहा इंचांना थोडे कमीच आहे, अर्ध्या किलोच्या आसपास आहे, आणि त्याच्या मुठीत दहा गोळ्या बसतात.

इथे एक गोष्ट मात्र बोलून ठेवतो. मी ज्या हकीकती सांगितल्या त्या साऱ्या खुनांच्या आहेत. लाखो लोकांनी ही पिस्तुले घेतली ती स्वतःच्या बचावासाठी, आणि त्यांतली बहुतेक कधी उडालीच नाहीत. रात्री रानातून सुखरूप घरी आलेल्या प्रवाशाची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही. त्यामुळे इतिहासाचा काटा इथे थोडा एका बाजूला झुकतो. पण खिशातले पिस्तूल पोरांच्या हाती लागून झालेले घात, चाप कापडात अडकून उडालेले बार, यांचीही बखर कोणी लिहीत नाही. तेव्हा हिशेब दोन्ही बाजूंनी अपुरा आहे.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याने १९११ साली अशा लपणाऱ्या हत्याराला परवाना लावला होता. बाहेर बाळगायचे तर खास कारण दाखवा, असा तिथला दंडक होता. २३ जून २०२२ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो मोडीत काढला. त्या देशातल्या निम्म्याहून अधिक राज्यांत तर परवान्यावाचूनच पिस्तूल लपवून बाळगता येते. त्यामुळे कोणते घ्यावे हा तिथे चपला-जोड्यांसारखा नित्याचा प्रश्न झाला आहे. दुकानातले बोलणे मात्र जुनेच. हलके घेतले तर धक्का जोराने बसतो आणि नेम चुकतो; जड घेतले तर चार दिवसांनी ते घरच्या खणातच राहते. आणि म्यान असे हवे की चाप पुरता झाकला जाईल.

आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवाना लागतो. २०१४ च्या जानेवारीत कानपूरच्या सरकारी कारखान्याने स्त्रियांसाठी म्हणून 'निर्भीक' नावाचे हलके रिव्हॉल्व्हर काढले. २०१२ च्या डिसेंबरात दिल्लीत अत्याचाराला बळी पडलेल्या मुलीची आठवण त्या नावात होती. बोअर बत्तीसचे, वजन अर्ध्या किलोच्या आसपास, हातपिशवीत सहज राहील असे. किंमत सव्वा लाख रुपयांच्या घरात. परवाना निराळा. शेतावरून अंधारात एकटी परतणारी बाई हे कुठून घेणार, आणि घेतले तरी हातपिशवीच्या तळातून वेळेवर बाहेर कसे काढणार, असे तेव्हाच पुष्कळांनी विचारले. कारखान्याच्या पत्रकात त्याचे उत्तर नव्हते.