सापाचे जंत, माणसाचे जंत आणि गोळीचा इतिहास

पावसाळ्यात एक तरुण ओपीडीत आला. शेतात सापडलेली धामण त्याने हौसेने घरी ठेवली होती. त्याने मोबाइलवर फोटो दाखवला. सापाच्या विष्ठेत दोऱ्यासारखे पांढरे जंत होते. "डॉक्टर, हिला जंताची अर्धी गोळी देऊ का? आणि हे आमच्या पोरांना होतील का?"

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. उत्तरं समजायला थोडा इतिहास पाहावा लागेल.

जंत येतात कुठून?

जंत माणसाला फार पूर्वीपासून माहीत आहेत. चरकसंहितेत कृमींचे वीस प्रकार सांगितले आहेत. आपल्या घरांत बाळाला वावडिंग देतात. यवतमाळच्या रानात पळसाला तोटा नाही, आणि त्याच्या बिया, म्हणजे पळसपापडी, जंतांवरचं जुनं औषध आहे.

पण जंत पोटात येतात कसे, हे कोणालाच नीट ठाऊक नव्हतं. इटलीच्या फ्रान्सेस्को रेडी यांनी 1668 मध्ये दाखवलं की मांसातल्या अळ्या आपोआप होत नाहीत, त्या माशीच्या अंड्यांतून येतात. 1684 मध्ये त्यांनी प्राण्यांच्या शरीरातल्या जंतांवर पुस्तक लिहिलं. त्याची सुरुवातच एका दोन तोंडांच्या सापाच्या विच्छेदनाने होते. तरी पोटातल्या जंतांचं कोडं त्यांनाही पुरतं सुटलं नाही.

1922 मध्ये जपानच्या कोइनो या डॉक्टरांनी गोलकृमीची 2000 अंडी स्वतः गिळली. काही दिवसांनी त्यांच्या थुंकीत जंतांची पिल्लं सापडली. म्हणजे अंडी तोंडावाटे जातात, पिल्लं आतड्यातून फुप्फुसात पोचतात आणि पुन्हा गिळली जाऊन आतड्यात मोठी होतात. "गोड खाल्लं की जंत होतात" हा समज तेव्हाच मोडायला हवा होता. तो अजून आपल्याकडे ठाण मांडून आहे!

सापाचा जंत माणसाला होतो का?

सहसा नाही. बहुतेक जंतांचं घर ठरलेलं असतं. पण वाट चुकलेला जंत धोकादायक ठरू शकतो. ऑस्ट्रेलियात 64 वर्षांच्या एका बाईंना आधी पोटदुखी, जुलाब, खोकला झाला. पुढे विसराळूपणा आणि उदासी वाढली. जून 2022 मध्ये कॅनबेरा इथे शस्त्रक्रियेत त्यांच्या मेंदूतून 8 सेंटिमीटरचा जिवंत जंत निघाला. तो अजगराच्या अन्ननलिकेत आणि जठरात राहणारा होता. माणसात तो सापडल्याची ही पहिलीच नोंद.

बाईंनी साप पाळला नव्हता. त्या तळ्याकाठची रानभाजी खुडून आणत. अजगराच्या विष्ठेतली अंडी भाजीवाटे किंवा हातावाटे पोटात गेली असावीत, असा डॉक्टरांचा अंदाज होता. असं फार क्वचित घडतं. सापामुळे होणारा जास्त नेहमीचा आजार म्हणजे साल्मोनेला जिवाणूंमुळे होणारे जुलाब आणि ताप. लहान मुलांना तो जास्त त्रास देतो.

मग आपली गोळी सापाला चालेल का?

नाही. अल्बेंडाझोल आधी जनावरांसाठी आलं आणि नंतर माणसासाठी. आयव्हरमेक्टिनचंही तसंच झालं. त्याच्या शोधासाठी 2015 मध्ये नोबेल मिळालं. पण हेच आयव्हरमेक्टिन कासवाला दिलं तर ते मरू शकतं. औषध एकच असलं तरी प्रत्येक प्राण्याचं शरीर ते वेगळ्या रीतीने पचवतं.

शिवाय सापाच्या पोटात फक्त जंतच असतात असं नाही. सापांत एक अमिबा आढळतो. कासव तो त्रास न होता बाळगतं, पण सापाचा त्याने जीव जातो. त्यावर जंताची गोळी काहीच करत नाही. म्हणून आधी पशुवैद्यक सूक्ष्मदर्शकाखाली विष्ठा तपासतात, सापाचं वजन करतात आणि मगच औषध व मात्रा ठरवतात.

तुम्ही काय करावं?

- धामण, नाग, घोणस, अजगर यांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण आहे. ते घरी ठेवता येत नाहीत. वनविभागाला किंवा सर्पमित्राला कळवा.
- सापाला किंवा त्याच्या विष्ठेला हात लागला तर साबणाने हात धुवा. त्याचा डबा स्वयंपाकघरात धुऊ नका.
- तरोट्यासारख्या रानभाज्या जरूर खा, पण वाहत्या पाण्यात नीट धुऊन आणि शिजवून.
- 2015 पासून 10 फेब्रुवारीला राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो. 1 ते 19 वर्षांच्या मुलांना शाळेत, अंगणवाडीत गोळी मिळते. ती चुकवू नका.

त्या तरुणाने धामण वनविभागाकडे दिली. मुलांची तपासणी केली तेव्हा एकाच्या पोटात जंत निघाले, पण ते सापाचे नव्हते. ते माणसाचेच होते, अनवाणी पायांतून शिरणारे हूकवर्म. साप गेला तरी ते राहिलेच असते. म्हणून मुलांच्या पायात चप्पल हवी.